पुढच्या चाकांचे ब्रेक

लग्नसराई लागली की आमच्या घरात दिवस उजाडायच्या आधी लोखंडाचा आवाज सुरू व्हायचा. आप्पांचा, माझ्या वडिलांचा, मंडपाचा धंदा होता. नाते गाव मागे टाकून रायगडाकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं घर. मागे भातशेती, पुढे खळं, आणि खळ्यापासून पडवीपर्यंत जिकडे बघावं तिकडे मंडपाचं सामान. लोखंडी पाइप, गुंडाळलेल्या कनाती, सतरंज्या, एकात एक घातलेले जेवणाचे टोप. गाडीत चढवताना पाइप एकमेकांवर आपटत आणि तो आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत येई. त्या आवाजावर उठायचं. चुलीवर आईच्या तांदळाच्या भाकऱ्या फुगत असायच्या, त्यातली एक सुक्या जवळ्याच्या चटणीबरोबर उभ्यानेच खायची आणि कामाला लागायचं. संध्याकाळी गाडी परत आली की कुठल्यातरी लग्नातलं उरलेलं जेवण यायचं, मसालेभात, बुंदी. चैत्र-वैशाखात आम्ही जवळजवळ रोज दुसऱ्यांच्या लग्नाचं गोड खायचो. आता माझं वय झालंय, डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, पण बुंदी मी त्याच्या कितीतरी आधी सोडली.

गाडी म्हणजे आमचा मोठा पिकअप. मागे लांब हौदा, खाली स्प्रिंगच्या पाट्यांवर जास्तीचे पाटे चढवलेले, भरला की मागून बसायचा आणि पुढून नाक वर करायचा. तो चालवायचे माझे मामा, आईचे सख्खे धाकटे भाऊ. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आईचं माहेर. गाडीरस्ता वाडीच्या खालीच संपायचा, पुढे चढण पायी चढायची. मामांनी तरुणपणी मुंबईला ट्रकवर क्लीनर म्हणून काम केलं, मग ट्रक चालवले, आणि आप्पांनी पिकअप घेतला तेव्हा आईने हट्ट करून भावाला परत आणलं. "परक्याच्या हाताखाली मरतोय, त्यापरास आपल्या घरची गाडी चालवंल," असं ती म्हणाली होती. पुढे कितीतरी वर्षं तिने हे वाक्य मनात धरलं असेल. मामा सडपातळ, अबोल. गाडीत बसण्याआधी चारही टायरांना पायाने हलकं हाणून बघायचे. मला 'बाय' म्हणायचे, आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचे, जे आमच्या घरात दुसरं कोणी करत नव्हतं.

गाड्यांची गोडी मला त्यांच्यामुळेच लागली. बारावीनंतर मी आयटीआयला मोटार मेकॅनिकला नाव घातलं, तेव्हा भावकीत चर्चा झाली. आप्पांनी ती कानाआड केली. ते मला स्वतः महाडला सोडायला यायचे, आणि वाटेत कोणी विचारलं की मुद्दाम मोठ्याने सांगायचे, "पोर इंजिन खोलते माझी." हे मी विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं. वर्गात मी एकटी मुलगी. पहिले काही महिने मला नुसते पाने पुसायला मिळाले, नंतर मात्र मी सोडलं नाही. परीक्षा पास होऊन घरी आले आणि गाडीचं तेल, फिल्टर, क्लच, सगळं माझ्याकडे आलं. आप्पा निवांत झाले. दादा, माझा मोठा भाऊ, तेव्हा मुंबईला होता. तिथे तो नक्की काय करायचा हे आम्हाला नीट कळलं नाही, पण गणपतीला आणि शिमग्याला आला की त्याच्या अंगावर नवे कपडे असायचे आणि आई त्याच्या पानात दोनदा वाढायची.

त्या वर्षी सराई सुरू व्हायच्या तोंडावर मामा म्हणाले, "बाय, गाडी उतारावर धरत नाय. सुरुवातीला धरते, मंग पेडल मऊ पडतंय पायाखाली. आन स्टेअरिंग थरथरतंय." मी त्याच दिवशी पुढची दोन्ही चाकं उतरवली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात ते पॅड. आमचे पॅड झिजून नखाएवढे राहिले होते. डिस्कच्या काठाला बोट अडकेल असा कंगोरा आला होता आणि तबकडीवर निळसर डाग पडले होते. ती किती जाड असली पाहिजे ते तिच्या अंगावरच कोरलेलं असतं. मी मोजून बघितलं. लेथवर घासून सरळ करण्यापुरतंही लोखंड शिल्लक नव्हतं. नवंच घ्यायला हवं होतं.

आठवडाभर मी त्याच विचारात होते. महाडात मार्चमध्ये चवदार तळ्याला माणसं लोटतात, तेव्हा बाजारपेठेत गाडी घालता येत नाही. म्हणून मी एसटीने गेले आणि सुट्या भागांच्या दुकानात जाऊन बसले. दुकानदाराने काउंटरवर दोन-तीन प्रकारच्या डिस्क मांडल्या. मी एकेक हातात घेऊन बघितली. दिसायला सारख्याच, पण एक उचलताना मनगटाला जाणवत होती. साधी, मधून हवा खेळायला पोकळी ठेवलेली, बाकी भरीव. मला तीच हवी होती. घाट उतरताना गाडीचा सगळा भार उष्णता होऊन त्या तबकडीत शिरतो. तबकडीत लोखंड जितकं जास्त, तितकी ती ताप सोसते. पॅडचंही तसंच. मऊ पॅड आवाज करत नाहीत, चाकं काळी करत नाहीत, गावात फिरणाऱ्या मोटारीला छान. आमच्या गाडीला हवे होते धातू मिसळलेले कडक पॅड. ते कुरकुर करतात, डिस्क लवकर खातात, थंडीत पहिल्या एक-दोन वेळा जोर लावायला लागतो, पण तापल्यावर सोडत नाहीत. "पोरी, आवाज आला म्हणून परत आणशील," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "आवाज आला तर मामांना बरंच वाटेल. ब्रेक आहेत हे कळेल." तो हसला आणि खोका माझ्या नावाने बाजूला काढून ठेवला. आप्पांनी फोनवर सांगितलं, उद्या घेऊन टाकू.

त्या रात्रीच्या गाडीने दादा आला. मुंबईचं त्याचं काय बिनसलं ते त्याने सांगितलं नाही; आता आपण धंद्यात लक्ष घालणार एवढंच म्हणाला. आप्पांचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्यासाठी बरं वाटलं. सकाळी दादाने खळ्यात एक चकचकीत खोका उघडला. आत डिस्क होत्या, सोनेरी मुलामा दिलेल्या, सबंध अंगभर भोकं आणि तिरके चर.

"ब्रेकचं आई फोनवर बोलली होती," तो म्हणाला. "दोस्ताच्या वर्कशॉपमधून आणल्यात. रेसिंगवाले हेच टाकतात. भोकातून हवा जाते, डिस्क तापतच नाही. एकदम परफॉर्मन्स."

मी एक उचलली. हलकी होती. "दादा, या शर्यतीच्या हलक्या गाडीला ठीक आहेत. आपली गाडी भरून घाट उतरते. जिथे भोक आहे तिथे लोखंडच नाही. रोज तापून थंड झाली की भोकापासून भोकापर्यंत तडा जाणार."

"तुला कोणी सांगितलं?"

"शिकलेय मी."

"आयटीआयमध्ये?" तो हसला. "अगं, तिथे अजून जुनी जीप खोलतात. मुंबईत मी रोज बघतोय या."

मामा पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. आई भाकरी थापायची थांबून दारात आली होती. मी डिस्क आप्पांच्या हातात दिली. "आप्पा, नुसतं वजन बघा. दुकानात दुसरी काढून ठेवली आहे, ती बघा आणि मग ठरवा."

आप्पांनी ती तबकडी दोन्ही हातांत धरून फिरवली. भोकांमधून ऊन त्यांच्या सदऱ्यावर पडत होतं. त्यांनी वजन बघितलं, हे मला दिसलं. त्यांना कळलं, हेही मला दिसलं. मग त्यांनी दादाकडे बघितलं. तो कमरेवर हात ठेवून उभा होता, बारा गावचं पाणी पिऊन परत आलेला त्यांचा एकुलता एक मुलगा, पहिल्यांदा घरच्या कामासाठी काहीतरी घेऊन आलेला.

"एवढ्या लांबून आणल्यान त्याने," आप्पा म्हणाले. "घाल याच."

"मी नाही घालणार."

"वंदू, हट्ट कशाला?"

"मी माझ्या हाताने नाही घालणार, आप्पा. या गाडीत मामा बसतात."

आईने माझं नाव घेऊन मला गप्प केलं. दादाने त्याच दिवशी गाडी महाडला नेली आणि ओळखीच्या एका कारागिराकडून डिस्क घालून आणल्या. त्यांच्याबरोबर मऊ पॅडही, कारण ते आवाज करत नाहीत. चाकांच्या फटींतून सोनेरी रंग चमकायचा. रस्त्यावरची मुलं बघायला थांबायची. आप्पा ज्याला त्याला सांगत, "पोराने मुंबईवरनं आणल्यात."

मामांनी मला विहिरीपाशी गाठून विचारलं, "खरं सांग बाय, चालतील काय?"

मी सांगितलं, "उतारावर दुसऱ्या गियरमध्येच उतरा. ब्रेक धरून ठेवू नका, दाबा आणि सोडा. मध्ये थांबून चाकं थंड होऊ द्या. आणि तडतड आवाज आला तर गाडी तिथेच सोडून या."

"भावजींना सांगून बघू काय मी?"

"बघा."

ते सांगणार नव्हते. बहिणीच्या घरी राहून मेहुण्याला शिकवायचं, हे त्यांच्याने झालं नसतं. पण त्यांनी माझं ऐकलं. सराईभर ते वाटेत थांबत राहिले, आणि दादा त्यांच्यावर चिडत राहिला. कामं उशिरा होतात, मामा घाबरट झालेत, म्हातारे झालेत. वैशाखात एका दिवशी दोन कामं आली. पोलादपूरच्या वर, घाटातल्या एका वाडीचा मंडप दुपारी उतरवायचा आणि संध्याकाळच्या आत महाडच्या पलीकडे दासगावला उभा करायचा. एरवी त्या सामानाला दोन फेऱ्या लागत. दादाने सगळं एकाच फेरीत घालायला लावलं आणि माणसांना घेऊन तो मोटरसायकलींवरून पुढे गेला. मामा एकटे उतरत होते.

पुढचं मामांनीच मला सांगितलं, आणि त्यांनी कधी वाढवून सांगितलं नाही. ते दुसऱ्या गियरमध्ये होते. एकदा थांबलेही होते. शेवटच्या मोठ्या उतारावर स्टेअरिंग जोरात हलायला लागलं, पुढून कडाड असा आवाज आला आणि पेडल तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, त्या भाराला तो काय धरणार. डाव्या हाताला दरी, उजवीकडे डोंगर. त्यांनी गाडी डोंगरावर घातली. गाडी थांबली, मागचं सामान थांबलं नाही. पाइप केबिन फोडून पुढे आले. वाटेवरच्या माणसांनी मामांना बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते आणि विचारत होते, वाटेत कोण आलं तर नव्हतं ना. महाडहून त्यांना पुढे मुंबईला नेलं. तिथे डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी मुंबईला गेले नाही, आई गेली. मी पोलादपूरला गेले, जिथे गाडी ओढून आणून उभी केली होती. बरोबर आप्पा होते. मी पान्याने पुढचं चाक सोडवलं. डिस्कला भोकातून भोकात असे तडे गेले होते, उन्हात सुकलेल्या चिखलासारखे, आणि एका बाजूने ती काठापर्यंत फुटून तुकडाच निघून गेला होता. सोनेरी रंग जळून जांभळा झाला होता. पॅड काचेसारखे गुळगुळीत. आप्पा खाली बसले. त्यांनी त्या तड्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी वाट बघत होते. मला वाटलं, आता हे मान वर करतील आणि काहीतरी म्हणतील. दादाला शिवी देतील, मला जवळ घेतील, निदान रडतील.

"चल," ते म्हणाले. "ऊन झालं."

घरी आलो तर पडवीत भावकी जमली होती आणि दादा सांगत होता, "मामांचा आता भरवसा राहिला नव्हता. शिमग्याला घेतात ते सगळ्यांना माहीत हाय. त्या दिवशी पण वाडीत लग्नघर होतं. कोणी पाजली असंल, काय सांगता येतं?" मामा वर्षातून एकदा, होळीला, घोटभर घेत, तो घोटभर त्यांच्या गळ्यात बांधला गेला. मी म्हटलं, "डिस्क फुटली आहे. आप्पांनी आता डोळ्यांनी बघितली." सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि आत गेले. जाता जाता म्हणाले, "गाडीला काय झालं नव्हतं. चालवणाऱ्याचा हात चुकला."

इतकी वर्षं मी या एका वाक्याभोवती फिरते आहे. दादाचं मला काही वाटत नाही. तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याच्यावर ढकलतो. त्याचं लग्न ठरत आलं होतं, मुलीकडचे बघून गेले होते. शिवाय आप्पांच्या मंडपाखाली अख्ख्या खोऱ्यातल्या मुलींची लग्नं लागत. त्यांची गाडी बिघडलेली होती, असं बाहेर आलं असतं तर नाव गेलं असतं. हे सगळं मी समजून घेऊ शकते. पण आप्पांना ठाऊक होतं. खळ्यात तबकडी हातात घेतली तेव्हाच ठाऊक होतं. मला ज्या माणसाने इंजिन खोलायला शिकू दिलं, त्याने मला खोटं पाडायला एवढासाही वेळ घेतला नाही.

अपघाताच्या तपासाला साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा पोलादपूरला गेले. पुढची दोन्ही चाकं होती, आत डिस्क नव्हत्या, पॅड नव्हते. कोण घेऊन गेलं म्हणून विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "तुमचे बंधू आले होते, टेम्पो घेऊन. भंगारात घालायचं म्हणाले." साहेब आले तेव्हा मी तरीही बोलले. ते चांगले होते, त्यांनी मला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, तो भाग दाखवता येईल का?" दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "पोर मामाच्या मायेने बोलते, साहेब."

मी त्यानंतर त्या घरात जेवले नाही. कपडे आणि पान्यांची पेटी घेऊन मी पोलादपूरला आले आणि महामार्गाच्या कडेला एक पत्र्याचा गाळा भाड्याने घेतला. आधी पंक्चर काढायची, मग ब्रेकची कामं. ट्रकवाले गाळ्यात बाई बघून पुढे जायचे. काही परत आले. मामांना वाडीवरची चढण कुबड्यांवर चढता येईना, म्हणून ते माझ्याकडे गाळ्याच्या मागच्या खोलीत राहायला लागले; मामी शेतीसाठी वर राहायची, आठवड्याला नाचणीच्या भाकऱ्या आणि कुळीथ घेऊन खाली उतरायची. मामांच्या नावामागे दारूचं लागलं ते लागलंच. कुठे गाडी राखायचं, माल मोजायचं बसून करण्यासारखं काम मागायला गेले तरी माणसं एकमेकांकडे बघायची.

आई मुंबईच्या दवाखान्यातून परस्पर घरी गेली, आणि तिच्या लक्षात आलं की आता तिला माहेरी जायला तोंड उरलं नाही. भावाच्या बाजूने बोलावं तर मुलगा, मुलाच्या बाजूने बोलावं तर भाऊ. ती कुणाच्याच बाजूने बोलली नाही. एकदाच ती माझ्या गाळ्यावर आली, एसटीतून उतरून, डोक्यावर पदर ओढून. मामा आत झोपले होते. "उठवू का?" मी विचारलं. "नको गो, निजूं दे," ती म्हणाली, दाराच्या फटीतून बराच वेळ बघत राहिली, आणि चहासुद्धा न घेता परतीच्या गाडीने गेली. पुढे ती आजारपणात वारली. मामा तिच्या दिवसांना गेले नाहीत. आम्हा दोघांना कोणी वेळेत कळवलंच नव्हतं.

दादाचं लग्न झालं, थोड्याच दिवसांत त्याचं मन धंद्यावरून उडालं आणि तो बायकोला घेऊन पुन्हा मुंबईला गेला. आप्पांनी नवा पिकअप घेतला, ड्रायव्हर ठेवला. आई गेल्यानंतरच्या सराईत, एका सकाळी, तो पिकअप माझ्या गाळ्यासमोर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, मग दुसऱ्या बाजूने आप्पा. वाकले होते. गाळ्याच्या बाहेरच उभे राहून म्हणाले, "पुढचे ब्रेक नीट लागत नाहीत. तू बघ."

मी बघितले. पॅड संपले होते, डिस्कला कंगोरा आला होता. कुठल्या डिस्क घालायच्या ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. महाडहून भरीव डिस्क आणि कडक पॅड मागवले, दुपारपर्यंत बसवले, ब्रेकचं तेल बदललं आणि गाडी स्वतः चालवून, थोडी थोडी थांबवत, नवे पॅड डिस्कवर बसवून आणले. तोवर ते बाकावर बसून होते. पत्र्याच्या पलीकडे मामांच्या रेडिओचा आवाज येत होता. किल्ली त्यांच्या हातात देताना मी म्हटलं, "आप्पा, मामा आत आहेत. एकदा फक्त म्हणा की चूक त्यांची नव्हती. मला नको, त्यांना म्हणा."

त्यांनी किल्ली मुठीत धरली. रेडिओच्या दिशेने बघितलं. "आता ते कशाला काढायचं?" ते म्हणाले. "तुझ्या आईचीही माती झाली."

ड्रायव्हरने गाडी वळवली. पोलादपूरच्या नाक्यावर एक एसटी आडवी आली. पिकअप जागच्या जागी थांबला, किंचित कुरकुरला, आणि एसटी गेल्यावर महाडच्या रस्त्याला लागला. आतला रेडिओ बंद झाला होता.

"कोण आलं होतं गो?" मामांनी विचारलं.

आप्पांचा आवाज त्यांनी ओळखला होता, हे मला माहीत होतं. मी हात पुसले.

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.